डावी कड

ॲबर्डीनच्या माणसाने किल्ली दिली, कागद दिले
आणि दार लावून घेतलं.
बोलला एवढंच, "पावसात कधी काढली नाही."
स्कॉटलंडात राहून.

गॅरेजच्या दिव्याखाली पहिल्यांदा नीट पाहिली.
पिवळी सुझुकी, सहाशेची, वय अठरा,
माझ्या शाळेच्या बसमध्ये मागे बसणाऱ्या
थोरल्या पोरांएवढी.

यंत्र बोलत नाही, हे खोटं.
मागची स्प्रिंग इतकी आवळलेली
की मी बसले तरी ती हललीच नाही:
गडी वजनदार.
क्लचची दांडी खाली झुकवलेली:
मनगट दुखत असावं.
आणि मागचा टायर.
उजवी कड घासून खरखरीत,
डावीला बोटभर पट्टा कोरा,
रबराचे कारखान्यातले केससुद्धा तसेच.
डावीकडे तो घाबरायचा.
कशाला, ते कागदांत नव्हतं.

स्प्रिंग सैल करत गेले, एकेक खाच,
ती माझ्याखाली थोडी दबेपर्यंत.
आरसे उतरवले. ट्रॅकवर मागे बघायचं नाही म्हणतात.
मला ते आरशांपुरतं मान्य.
हेडलाइटवर चिकटपट्टी, आडवी-उभी,
आंधळी कोशिंबीर खेळायला निघाल्यासारखी.
हिरवं कूलंट काढून साधं पाणी भरलं.
वळणाचं पाणी वळणावर जातं ना,
मग गेलंच तर नुसतं पाणी जावं,
मागून येणाऱ्याच्या चाकाखाली.

शुक्रवारी रात्री इंजिनचं तेल बदलायला घेतलं.
खालचा नट सुटला तो आट्यांसकट,
आणि आट्यांत वाळलेला गोंद.
गोंद! इंजिनाच्या पोटाला!
तोवर तो माणूस मला आवडायला लागला होता,
त्याच्या मनगटासकट.
मग नाही.

शेजारच्या मर्डोला उठवलं.
एकतीस वर्षं ट्रॉलरची इंजिनं सांभाळलेला,
पायजम्यावर ओव्हरऑल चढवून आला,
बरोबर त्याचा डबा.
नवे आटे बसवले, अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने,
मधेच थांबत, कान देत.
पैशांचं काढलं तर म्हणाला,
"समुद्रातही लोक गोंद लावतात, इशबेल.
बंदराला पोचले की त्याचीच बढाई मारतात."
नटाला तार बांधली, पिळली, टोक दुमडलं.
बाहेर पिटनवीमच्या बंदरात एक बोट सुटत होती.
घोडामैदान आता पस्तीस मैलांवर.

नॉकहिलला सकाळी धुकं, अर्धी टेकडी गायब.
तपासनीस वाकला,
नटाची तार चिमटीत धरून ओढली,
आणि काही न बोलता पुढच्या गाडीकडे गेला.
एवढी शाबासकी मला शाळेत कधी मिळाली नव्हती.

पहिले फेरे थंड टायरांवर, हळू.
उजवीकडे ती आपली आपण झुकते,
माझ्या आधी, जुन्या सवयीने.
डावं वळण आलं की दोघी थबकतो,
एकमेकींना विचारतो.
अंगवळणी पडणं म्हणजे काय,
ते मला चाळिशी उलटल्यावर कळलं:
आधी वळण येतं. अंग नंतर.

संध्याकाळी ट्रेलरवर चढवण्याआधी
मागच्या टायरशी गुडघे टेकून बसले.
त्या बोटभर पट्ट्यातला अर्धा गेला होता,
केस झडलेले, कडेला रबराच्या बारीक गोळ्या.
उरलेला अर्धा
त्याचा की माझा, सांगता येईना.
स्प्रिंग माझ्या वजनाची करून घेतली मी.
ह्याला पाना नाही.

मर्डो विचारेल, कसं झालं.
सांगेन, तेल गळलं नाही.